दीड ओळ

फॉर्मवर ‘प्रवेश सोडण्याचे कारण’ यापुढे
दीड ओळ जागा आहे.
शुक्रवारी चारच्या आत दिला तर अर्धी फी परत.
आज बुधवार. हॅलिफॅक्सला सकाळपासून
धड बर्फ नाही, धड पाऊस नाही असलं काहीतरी पडतंय,
आणि थिया राफ्यूज लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्यावर
पेनाचं टोपण चावत बसली आहे.

कर्ज, असं लिहिता येईल. खरंही आहे.
झोप, असंही.
कॉलिननं ऑक्टोबरातच लिहिलं होतं, ‘वैयक्तिक’,
आणि गेला, किटली लॉकरमध्ये तशीच ठेवून;
अजून कुणी ना कुणी तिच्यात चहाचं पाणी उकळतं.
शिवॉन म्हणते, पहिल्या वर्षी सगळेच गं
मनातल्या मनात एकदा तरी सामान बांधतात.
तिनं स्वतः दोनदा बांधलं.
आता मोठ्या फर्मच्या पार्टीत
ती काडीनं कोळंबी उचलते, न सांडता, हसत.

बाप कलमं बांधतो, लेक कलमं पाठ करते.
कॅनिंगजवळ आर्डन राफ्यूजची सफरचंदं,
खाडीच्या बांधाला लागून.
पूर्वी झाडांच्या आणखी सात ओळी होत्या.
शेजारच्या म्हाताऱ्यानं तोंडी दिलेल्या,
हातात हात घेऊन, गेटपाशी.
म्हातारा गेला. पुतण्या आला. पुतण्याकडे कागद होता.
आर्डनकडे गेट होतं.
कोर्टातून परतताना ट्रकमध्ये कुणी रेडिओ लावला नाही.
थिया तेव्हा अकराची. तेव्हाच ठरलं.
गेल्या ऑगस्टात आईनं चर्चच्या तळघरात
सगळ्यांना केक वाटला, वर साखरेचा तराजू.

आणि गेल्या आठवड्यात अभिरूप न्यायालय.
चिठ्ठी उचलली: जमीन, एकीकडे दिलेला शब्द,
दुसरीकडे कागद.
तिच्या वाट्याला कागद आला.

ती चांगली बोलली.
इतकी चांगली की मध्येच कुठेतरी
तिला स्वतःचा आवाज आवडला, हेही खरं.
प्राध्यापक मॅकाइव्हर, ज्यांनी नाताळपर्यंत
तिचं आडनाव तीन तऱ्हांनी चुकवलं होतं,
चष्मा काढून म्हणाले, नेटकं. फार नेटकं.
बक्षीस, एक पेन. त्याचंच हे टोपण.

रात्री घरी फोन केला. जिंकले म्हणाली.
कशी, ते त्यानं विचारलं, म्हणून तेही सांगितलं,
एकेक मुद्दा, जसा उभा केला तसा.
पलीकडे बराच वेळ फक्त फ्रिजची घरघर.
मग आर्डन म्हणाला, रागानं नाही,
जुना हिशेब जुळल्यावर माणूस बोलतो तसा,
‘म्हणजे आपलंच चुकलं होतं तर.’

हे दीड ओळीत कसं बसवायचं?

तिला सांगायचं होतं, नाही, तसं नाही,
चारशे बारावं पान आहे,
शब्दावर विसंबून कुणी झाडं लावली, वीस वर्षं छाटली,
तर त्या शब्दालाही मुळं फुटतात.
तुमच्या वकिलानं ते पान उघडलंच नव्हतं.
दोन्ही बाजू तिला येत होत्या.
दोन्ही येणं, हेच तर इथं शिकवतात.
पण जीभ हलली नाही,
आणि तो तोवर झाडांवर घसरला होता, नेहमीसारखा.
ग्रॅव्हनस्टाइनच्या काड्या कापून झाल्यात.
ओल्या भुशात ठेवल्यात, तळघरात.
‘कुठल्या खोडावर बांधणार?’
‘बघू की. एप्रिलपर्यंत मरत नाहीत त्या.’

टोपणावर आता दातांचे सहा ठसे.
खाली कुणीतरी कॉलिनची किटली लावली आहे,
शिट्टी वर येते.
थिया चारशे बारावं पान उघडते,
आणि फॉर्म खुणेला तिथंच घालते,
कारणाची दीड ओळ
पुस्तकाबाहेर डोकावत राहील असा.